कपाटात लपवलेलं पुस्तक

(पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या वाचक एक मावशी आहेत. त्यांची मोठी बहीण दीड वर्षाच्या आजारपणानंतर नऊ महिन्यांपूर्वी गेली. तिची अकरा वर्षांची मुलगी तेव्हापासून त्यांच्याकडे राहते. मुलीचे वडील नोकरीमुळे दुसरीकडे असतात, सुट्टीला येतात. घरात मावशींचा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगाही आहे. भाची शहाण्यासारखी वागते, अभ्यास करते, आईचं नाव काढत नाही, रडत नाही. मावशीही तिच्यासमोर कधी डोळ्यांत पाणी येऊ देत नाहीत. मात्र शाळेच्या वाचनालयातून भाचीनं एकच कादंबरी तीनदा आणली. चाळून पाहिल्यावर मावशींना कळलं की त्यात नायिकेची आई आजारी असते आणि शेवटाकडे मरते. रात्री पांघरुणात टॉर्च लावून भाची ती वाचते, तेव्हा मुसमुसण्याचा आवाज येतो. वाचनखूण दर वेळी एकाच ठिकाणी असते, आईच्या मृत्यूच्या प्रकरणाच्या जरा अलीकडे. शेवटी मावशींनी पुस्तक कपाटात लपवलं. भाचीनं एका शब्दानं विचारलं नाही. वडील म्हणाले, ‘बरं केलंस, असली रडकी पुस्तकं नकोतच.’ मावशींचा प्रश्न: मी केलं ते बरोबर का? आणि तिला आनंदी पुस्तकांकडे वळवून यातून बाहेर कसं काढू?)

ताई,

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. पुस्तक आजच परत द्या.

लपवलंत म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. रात्री लेकराचं मुसमुसणं ऐकू आलं की जे हाताशी येईल ते दूर करावंसं वाटतंच. पण एकदा तिच्या बाजूनं बघा. आई गेली ती तिला विचारून नाही. आता पुस्तकही गेलं, तेही न विचारता. तिनं एका शब्दानं चौकशी केली नाही याचं तुम्हाला नवल वाटलं. मला मात्र पत्रातल्या त्याच वाक्यानं चरका बसला. जे नाहीसं होतं त्याबद्दल या घरात विचारायचं नसतं, एवढं ती शिकली आहे. शिवाय पुस्तक वाचनालयाचं. परत करायची तारीख उलटली असेल, तर शाळेत तिनं काय सांगितलं असेल? ‘हरवलं’ म्हणाली असेल, बोलणी खाल्ली असतील. कदाचित ते कुठे आहे हेही तिला माहीत असेल, आणि तरी तिनं तुमचं नाव पुढे केलं नसेल.

तुमचा प्रश्न ‘पुस्तक तिला रडवतं’ इथून सुरू होतो. मला ते उलटं दिसतं. रडू तिच्याजवळ होतंच, पुस्तकानं त्याला जागा दिली. तुम्ही लिहिता, ‘मी तिच्यासमोर कधी रडत नाही.’ तिचे वडीलही रडत नसणार. म्हणजे तुमच्या घरातली मोठी माणसं दार लावून रडतात, आणि तिच्याकडे दार नाही म्हणून ती पांघरूण घेते. ती शहाण्यासारखी वागते असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण अकरा वर्षांची मुलगी नऊ महिने आईचं नाव काढत नसेल तर ती बरी झालीय असं मी म्हणणार नाही. ती तुम्हाला जपतेय. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते आपल्यामुळे, असा हिशेब या वयात फार चटकन होतो.

दाजींना माझा एक निरोप द्या. ‘रडकी पुस्तकं’ म्हणून ती बाजूला सारणं आपल्याच वाचनाच्या परंपरेला धरून नाही. साने गुरुजींनी १९३३ साली तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपल्याकडच्या किती पिढ्यांनी हुंदके देत वाचली! त्या पुस्तकाच्या शेवटाकडे आई जातेच. ते वाचून मूल रडलं की आपण त्याला संस्कार म्हणतो. आई शाबूत असलेल्या मुलानं रडावं, आणि जिची आई गेली तिनं मात्र रडू नये, हा कुठला न्याय?

आता ही पुस्तकं नेमकं करतात काय, ते सांगते. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. लहानांच्या चित्रकथा मागे पडलेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून दूर असतात, त्या मधल्या वयाचं हे वाचन. मृत्यू म्हणजे काय हे या वयाच्या मुलांना नव्यानं समजवावं लागत नाही. गेलेलं माणूस परत येत नाही, शरीराचं काम कायमचं थांबतं, आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत होणार, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात, असं स्पीस आणि ब्रेंट या अभ्यासकांनी १९८४ साली तोवरचं संशोधन एकत्र तपासून मांडलं होतं. तुमच्या भाचीला माहिती पूर्ण आहे. तिच्याकडे नाही ती सोबत. मृत्यू ठाऊक आहे, पण त्यानंतर वर्गात कसं बसायचं, मैत्रिणीची आई न्यायला आली की कुठे बघायचं, हसू आलं तर हसायचं का, हे तिला कोण सांगणार?

चांगली कादंबरी ते सांगत नाही, दाखवते. शिवाय जे मोठ्यांसमोर उच्चारता येत नाही ते दाखवते.

कॅथरीन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही १९७७ सालची कादंबरी घ्या. त्यांच्या मुलाची एक मैत्रीण वीज पडून गेली, त्यानंतर त्यांनी ती लिहिली. त्यातल्या जेसची जिवलग मैत्रीण लेस्ली ओढ्यात बुडून जाते. त्या दिवशी तो एका आवडत्या शिक्षिकेबरोबर संग्रहालय बघायला गेलेला असतो, आणि लेस्लीलाही बरोबर नेऊ असं म्हणायचं त्याला सुचलेलं नसतं. आता ते त्याला खात राहतं. बातमी कळल्यावर तो आधी विश्वासच ठेवत नाही. मग चिडतो, तिनं दिलेले रंग पाण्यात फेकून देतो. मधेच त्याच्या मनात येऊन जातं की वर्गात असं दुःख फक्त आपल्यालाच आहे, आता सगळे आपल्याशी वेगळं वागतील, आपण महत्त्वाचे झालो. मोठ्यांना हे वाचून कसंतरी होतं. पण ज्या मुलाच्या मनात खरंच असं काही येऊन गेलं असेल आणि त्यानं स्वतःला राक्षस ठरवून टाकलं असेल, त्याच्यासाठी ते एक पान केवढं मोलाचं! अमेरिकेत हेच पुस्तक शाळांमधून काढून टाकावं म्हणून पालकांनी वारंवार तक्रारी केल्या. मुलांना वाचवायला निघालेली मोठी माणसं सगळीकडे सारखीच, तुमच्याआमच्यासारखी.

दुसरं उदाहरण देताना मी जरा थबकले, पण तुमच्या बहिणीचं आजारपण दीड वर्षाचं होतं म्हणून देते. पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ २०११ साली आली. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती लिहून होण्याआधी २००७ साली त्या कर्करोगानं गेल्या, आणि नेस यांनी ती पुरी केली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगानं आजारी आहे. त्याला रोज एकच दुःस्वप्न पडतं आणि त्यातलं खरं तो कुणालाच सांगत नाही. ते खरं असं की आता हे सगळं एकदाचं संपावं, असं त्याला वाटलेलं असतं. आई हवी असते, तिनं जाऊ नये असंच वाटत असतं, आणि त्याच वेळी हेही वाटत असतं.

दीर्घ आजारपण बघितलेल्या घरात हा विचार कुणाच्या मनात येत नाही, सांगा बरं? मोठी माणसं ‘सुटली बिचारी’ म्हणतात, आणि त्या शब्दांत तो विचार मांडून मोकळी होतात. मुलांना असं तयार वाक्य मिळत नाही. आपल्याला तसं वाटलं म्हणून आई गेली, असं एखादं मूल वर्षानुवर्षं धरून बसतं. तुमच्या भाचीच्या मनात असं काही आहे, असा माझा दावा नाही. पण असेल तर ते तुमच्यापाशी थेट येण्याआधी एखाद्या कॉनरपाशी जाईल, आणि तसं जाणं चांगलंच. (ही कादंबरी तिला लगेच आणून देऊ नका. जड आहे. आधी तुम्ही वाचा.)

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पुस्तकाचा ताबा मुलाकडे असतो. नको वाटलं की मिटता येतं. एखादं प्रकरण गाळता येतं. आई हसत असलेल्या पानावर परत जाता येतं. खऱ्या आजारपणात यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. कोण कधी काय बोललं, कुणी तिला कधी शेजारच्या खोलीत पाठवलं, सगळं मोठ्यांनी ठरवलं. ती तीनदा तेच पुस्तक आणते याला तुम्ही अडकणं म्हणता. पण पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या गोष्टीतून पुन्हा जाण्यात एक सुरक्षितता असते. या वेळी धक्का बसणार नसतो.

आणि ती खूण. तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, मी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. ती दर वेळी मृत्यूच्या प्रकरणाच्या अलीकडेच थांबते. कदाचित तिथवर आई जिवंत असते म्हणून. कदाचित पुढचं तिनं एकदा वाचलंय आणि पुन्हा नकोय. कदाचित पुढचं वाचायला तिला कुणीतरी शेजारी हवंय. यातलं कुठलं, ते तीच सांगेल, सांगायचं तेव्हा. तुम्ही तर्क करून ते तिला ऐकवू नका.

‘यातून बाहेर कसं काढू’ या तुमच्या शब्दांशीही माझं जरा भांडण आहे. दुःख म्हणजे बोगदा, एका टोकानं आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं, असं आपण धरून चालतो. दुःखाच्या पाच पायऱ्या कुठेतरी वाचलेल्या असतात. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी वेळापत्रक म्हणून नाही. मला स्ट्रोब आणि शुट या दुःखाच्या अभ्यासकांचं १९९९ सालचं म्हणणं जास्त पटतं: माणूस दुःखाकडे जातो आणि दुःखापासून दूर येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि या येण्या-जाण्यातूनच सावरतो. मुलांमध्ये हे फार ठळक दिसतं. दहा मिनिटं ढसाढसा रडतील आणि अकराव्या मिनिटाला ‘माझी सायकल कुठेय’ विचारतील. डबक्यात उडी मारावी आणि बाहेर यावं, तसं. दिवसा अभ्यास, खेळ, शहाणपण आणि रात्री टॉर्चच्या उजेडात ते पुस्तक, हे तिचं येणं-जाणंच आहे. तुम्ही नकळत त्यातली एक बाजू बंद केलीत.

म्हणून विनोदी पुस्तकं जरूर आणा, भरपूर आणा, पण बदली म्हणून आणू नका. ‘ते दे, हे घे’ असं झालं की ते पुस्तक हसवण्याऐवजी गप्प करण्यासाठी आलंय हे तिला लगेच कळेल.

आता जरा अवघड बोलते. लोकांनी तुम्हाला ‘माय मरो पण मावशी जगो’ नक्की ऐकवलं असेल, कौतुकानंच. ही म्हण त्या मुलीसमोर कुणी उच्चारणार नाही, एवढं बघा. तिच्या कानांना त्यात फक्त पहिले दोन शब्द ऐकू येतील. आणि मावशी आली म्हणजे आईची जागा भरली, असं तिनं मानायला हवं, हेही ऐकू येईल. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’मध्ये, १९५२ सालच्या, शार्लट ही जाळं विणणारी कोळीण मरते. तिचा मित्र विल्बर, म्हणजे एक डुक्कर, तिच्या अंड्यांची पिशवी जपून घरी आणतो. वसंतात पिल्लं बाहेर पडतात, बहुतेक उडून जातात, तीन त्याच्याजवळ राहतात. तो त्यांच्यावर मनापासून माया करतो. तरी शार्लटची जागा त्यांतल्या कुणी घेतली नाही, हे लेखक स्पष्ट सांगून टाकतो. लहान मुलांच्या पुस्तकात! या वयासाठीच्या चांगल्या पुस्तकाची माझी कसोटी हीच आहे. शेवट गोड नसला तरी चालतो, पण मूल एकटं सोडलेलं नसावं आणि गेलेल्याची बदली शोधून दिलेली नसावी.

इतर पालकही हे वाचत असतील, म्हणून निवडीबद्दल थोडं. ज्या पुस्तकात मृत्यू हा कुणाच्या चुकीची शिक्षा म्हणून येतो, ते मला दुःखातल्या मुलाच्या हाती द्यावंसं वाटत नाही. शेवटी गेलेलं माणूस चमत्कारानं परत येतं तेही नको. ती आशा नंतर फार महाग पडते. आणि मूल शूर झालं, रडणं थांबवलं, म्हणून त्याचं कौतुक होतं अशी पुस्तकं तर मुळीच नकोत. मृत्यू होऊन चारच दिवस झाले असताना नेमका तोच विषय असलेलं पुस्तक ‘वाच, बरं वाटेल’ म्हणून पुढे करू नका. औषध म्हणून दिलेलं पुस्तक मुलं औषधासारखंच तोंड वाकडं करून घेतात. फळीवर ठेवा. चार वेगळ्या पुस्तकांमध्ये ठेवा. उचललं तर उचललं. आणि मूल म्हणालं की मला हे वाचायचं नाही, तर विषय तिथेच संपला.

तुम्ही मात्र ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचा. चाळून नव्हे. झडती घेण्यासाठीही नव्हे. तुमची भाची रोज रात्री कुठे जाते ते बघायला. मग बोलायची वेळ आली तर ‘तुला कसं वाटतं’ असं विचारू नका. या प्रश्नाला मुलं ‘ठीक’ म्हणतात. पात्राबद्दल बोला. ‘ती मुलगी डॉक्टरांवर एवढी का चिडली असेल गं?’ एवढं पुरतं. समोरासमोर बसून नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना, दिवा मालवल्यावर. ती पात्राबद्दल बोलेल आणि दोघींनाही ठाऊक असेल की कुणाबद्दल चाललंय. ‘म्हणजे तुलाही तसंच वाटतं ना?’ म्हणून तो पडदा ओढू नका. तो तिच्या कामाचा आहे.

वाचताना तुम्हाला रडू येईल. येऊ द्या. तुमची बहीण गेली आहे, ताई. चार पानांच्या पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंत. तिला तुमचे ओले डोळे दिसले तर आभाळ कोसळणार नाही. ‘मला तुझ्या आईची आठवण आली’ एवढंच म्हणा आणि पुढचं काम करा. रडून झाल्यावर माणूस पुन्हा उठतो, हे तिला कुणाकडे तरी बघूनच कळणार आहे.

तुमच्या मुलाबद्दल पत्रात त्याच्या वयापलीकडे काहीच नाही, म्हणून एकच वाक्य: त्याचीही मावशी गेली, घर बदललं आणि आई उदास झाली, तेव्हा त्यालाही कधी एकट्याला जवळ घ्या.

पुस्तकांच्या आवाक्याबाहेरच्याही काही गोष्टी असतात. झोप, खाणं, शाळा यांची घडी आठवडेच्या आठवडे विस्कटली, ती सगळ्यांपासून तुटत गेली, ‘माझ्यामुळेच झालं’ हे जाता जाईना, स्वतःला इजा केली किंवा ‘मलाही आईकडे जायचंय’ असं म्हणू लागली, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. शेवटचं वाक्य ऐकलंत तर वाट न पाहता त्याच दिवशी. ‘म्हणजे तुला मरावंसं वाटतं का?’ असं तिला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तुमच्या पत्रातून मला यातलं काही दिसत नाही. दिसते ती एक मुलगी, जिनं रडण्यासाठी स्वतःच एक जागा शोधली.

पुस्तक देताना लांबलचक बोलू नका. ‘हे मी लपवलं होतं. तू रडतेस हे ऐकून मी घाबरले होते. माझं चुकलं,’ असं म्हणा. वाचनालयात उशीर झाला त्याचं मी बघते, असंही सांगा, आणि खरंच शाळेत जाऊन बघा. ‘तुला हवं तर कधी तुझ्याशेजारी बसून वाचेन’ एवढं म्हणून खोलीबाहेर या. ती काहीच बोलली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्यासाठी वेगळी खूण करा. तिची खूण आहे त्याच पानावर राहू द्या.